वाटीतले तरंडे

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, आषाढापासून गोठ्यालगतच्या खोपीत ताडपत्री पांघरून उभी असलेली जुनी जीप बाहेर काढावी, तिच्या अंगावरची बुरशी आणि उंदरांनी केलेला कचरा धुऊन टाकावा आणि उद्या तिला हार घालता येईल अशी तजवीज करावी, म्हणून मालक किल्ली फिरवतो. दोन-चार आचके देऊन इंजिन सुरूही होते. आणि पाच मिनिटे होतात न होतात तोच पेट्रोलचा उग्र दर्प अंगणभर पसरतो व बॉनेट उचलून पाहावे तो कार्बोरेटरच्या अंगावरून ओघळलेले पेट्रोल थेंबाथेंबाने खालच्या तापू लागलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे निघालेले दिसते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना जुनी पेट्रोल जीप बाळगणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी आलेला असतो. माझ्या वाट्याला तो पहिल्यांदा आला तेव्हा मी, पूर्वी कोणाला तरी करताना पाहिले होते म्हणून, पेचकसाच्या मुठीने कार्बोरेटरच्या वाटीवर चार ठोके घातले, गळती थांबली, आणि मला रोग बरा झाल्याचे समाधान मिळाले. ते समाधान दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी घाट चढताना इंजिन काळा धूर ओकू लागले आणि माथ्यावर जे बंद पडले ते पुन्हा सुरू होईना.

ठोके घालण्याचा हा उपाय सर्वस्वी निरर्थक असता तर तो केव्हाच लोप पावला असता. परंतु तो कधीकधी लागू पडतो, आणि म्हणूनच तो घातक आहे, कारण अडकलेली वस्तू क्षणभर सुटते आणि ती का अडकली हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहतो. पेट्रोल जिथे टपकताना दिसते तिथे गळतीचा उगम बहुधा नसतो. तो शोधण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने, वाटीपासून सुईपर्यंत, सुईपासून पंपापर्यंत आणि पंपापासून टाकीपर्यंत, पायरीपायरीने मागे जावे लागते.

ज्या जीपविषयी मी लिहितो आहे ती दुसऱ्या महायुद्धातल्या घाटाची, विलिस कंपनीच्या नमुन्याची आहे. अमेरिकेत १९४० साली जन्मलेल्या या वाहनाच्या सहा लाखांहून अधिक प्रती युद्धसमाप्तीपर्यंत तयार झाल्या. युद्ध संपल्यावर आपल्याकडच्या लष्करी सामानाच्या लिलावांतून त्यांतल्या पुष्कळशा खाजगी मालकीत आल्या, आणि १९४५ साली स्थापन होऊन १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केल्यावर तर मामलेदाराचा दौरा, जंगलखात्याची गस्त, देवीच्या डॉक्टरांची फेरी आणि बागाइतदाराचा बाजार या सर्वांना जीप हेच एक वाहन होऊन बसले. मूळ विलिस जीपचे इंजिन १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २२०० घनसेंटिमीटरांचे, आणि ६० अश्वशक्तीचे. आणि त्यावर बसवलेला कार्बोरेटर अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील कार्टर कंपनीचा, ‘डब्ल्यूओ’ या नमुन्याचा. त्या इंजिनात पेट्रोल आत नेणारी नळी आणि जळलेला वायू बाहेर सोडणारी नळी एकाच बाजूस, एकावर एक अशा बसवलेल्या आहेत. थंड प्रदेशात पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून ही रचना हिताची खरी; पण याच रचनेमुळे कार्बोरेटरमधून निसटलेला थेंब इंजिनाच्या सर्वांत तप्त भागावर पडण्याचा धोका सदैव असतो. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहते. तेव्हा ही गळती ‘उद्या पाहू’ म्हणण्याजोगी गोष्ट नव्हे. दर्प आला की इंजिन बंद करावे, बॅटरीची तार सोडवावी, विडी आणि चूल दूर ठेवावी, आणि मगच हत्यारांना हात लावावा.

कार्बोरेटरचे मूळ कार्य सांगायला सोपे आहे. हवेचा मार्ग एके ठिकाणी अरुंद केला की त्या गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब घटतो; हे तत्त्व बर्नुलीने १७३८ मध्ये ग्रंथित केले आणि तशा गळ्याला पुढे वेंचुरीचे नाव मिळाले. त्या घटलेल्या दाबामुळे शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक नळीतून वर ओढले जाते, हवेत विखुरते, आणि वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा असे मिश्रण इंजिनाला मिळते. परंतु हे प्रमाण टिकायचे तर वाटीतल्या पेट्रोलची पातळी त्या नळीच्या तोंडाच्या किंचित खाली, सदासर्वकाळ एकसारखी राहिली पाहिजे. पातळी वर गेली तर पेट्रोल न ओढताच गळ्यात सांडते, खाली गेली तर इंजिन उपाशी राहते. १८९३ साली जर्मनीत माइबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने तुषार उडवणारा कार्बोरेटर सिद्ध केला, तेव्हा ही पातळी राखण्याचे काम एका तरंड्याकडे सोपवण्यात आले, ज्याला कारखान्यातली माणसे फ्लोट म्हणतात. पितळेच्या पातळ पत्र्याचा पोकळ, डाकाने सांधलेला हा डबा वाटीतल्या पेट्रोलवर तरंगतो. एका बारीक पिनेभोवती त्याचा दांडा फिरतो. पेट्रोल चढले की डबा वर येतो आणि दांड्यावरची जीभ एका टोकदार सुईला तिच्या बैठकीत दाबून पंपाकडून येणारी वाट बंद करते. पेट्रोल खर्ची पडले की डबा खाली येतो आणि वाट उघडते. घरावरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू लावलेला जो नळ असतो त्याचेच हे नाजूक भावंड आहे, आणि टाकीचा चेंडू अडकल्यावर गच्चीवरून पाणी का वाहते हे ज्याला कळले त्याला कार्बोरेटर का गळतो हे निम्मे कळले.

उरलेले निम्मे मात्र हिशेबाने समजून घेण्यासारखे आहे. समजा, सुईच्या बैठकीचे भोक अडीच मिलिमीटर व्यासाचे आहे आणि पंपाचा दाब दर चौरस इंचास तीन पौंड आहे. तर सुईला खाली ढकलणारा जोर सुमारे दहा ग्रॅमांचा भरतो. तरंडे पूर्ण बुडाले तर वीस घनसेंटिमीटर पेट्रोल बाजूला सारते असे धरले, तर आर्किमिडीजच्या नियमाने त्याला वर उचलणारा जोर पंधरा ग्रॅमांचा. त्याचे स्वतःचे वजन नऊ ग्रॅम वजा जाता सहा ग्रॅम शिल्लक राहतात, आणि दांड्याच्या तरफेने ते चौपट होऊन सुईपाशी चोवीस ग्रॅमांचा जोर पोचतो. दहाच्या विरुद्ध चोवीस. यंत्राचा सगळा बंदोबस्त या चौदा ग्रॅमांच्या शिलकीवर उभा आहे. आता डाकाच्या सांध्यात केसाएवढी चीर पडून तरंड्याच्या पोटात पाच घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर, पेट्रोल शिरले असे समजा. तरंड्याचे वजन पावणेचार ग्रॅमांनी वाढते, शिल्लक सव्वादोन ग्रॅमांची उरते, सुईपाशी नऊच ग्रॅम पोचतात, आणि दहाच्या पुढे नऊ हरतात. त्या क्षणापासून सुई कितीही नवी, बैठक कितीही स्वच्छ असली तरी वाटी भरून वाहणारच. उलट तरंडे निर्दोष असूनही कोणी जुन्या पंपाच्या जागी तिप्पट दाबाचा विजेचा पंप बसवला तर हाच पराभव दुसऱ्या बाजूने ओढवतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असा पंप बसवून घेतल्यावर दोन वर्षांत तीन कार्बोरेटर बदलले. दोष एकाही कार्बोरेटरचा नव्हता.

तरंडे सच्छिद्र आहे की नाही याची परीक्षा मला एका कऱ्हाडच्या मिस्त्रीने शिकवली. मी घाटमाथ्यावरून जीप ओढून आणवल्यावर पुन्हा पेचकसाची मूठ उगारली, तेव्हा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “ठोकू नका दादा. आधी वाटी उघडू, आत काय हाय ते बघू.” त्याने तरंडे काढून प्रथम कानाशी हलवले, आत काही डुचमळत असेल तर तो आवाज स्पष्ट येतो. मग त्याने चुलीवरून उतरवून दूर अंगणात आणलेल्या कढत पाण्यात ते चिमट्याने अर्धा मिनिट बुडवून धरले. आतली हवा तापून फुगते आणि चीर असेल तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. माझ्या तरंड्यातून ती निघाली. अशा तरंड्याला पुन्हा डाक लावण्याचा मोह होतो, पण पोटात पेट्रोलची वाफ असलेल्या डब्याला डाक देण्याची तापलेली सळई लावणे हा जिवाशी खेळ आहे, आणि सुरक्षितपणे लावता आला तरी डाकाचे एक ग्रॅम वजन वरच्या हिशेबातल्या सहा ग्रॅमांतून थेट वजा होते. नवे तरंडे मिळत असेल तर तेच घ्यावे, असे माझे मत आहे आणि त्याबाबत मी तडजोड करीत नाही.

तरंडे धड असेल तर ते अडकले का, हे पाहावे लागते. आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत याचे उत्तर बहुधा एका चिकट, पिवळसर-तपकिरी थरात सापडते. वाटीतले पेट्रोल चार महिन्यांत हळूहळू उडून जाते, पण त्यातले जड अंश हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून मागे राहतात आणि त्यांचा डिंकासारखा लेप पिनेवर, सुईच्या अंगावर आणि वाटीच्या तळाशी बसतो. त्या लेपाने सुई बैठकीला चिकटली तर गाडी सुरूच होत नाही, कारण वाटीत पेट्रोल येत नाही. ती उघड्या स्थितीत चिकटली किंवा पीन आखडली तर पेट्रोल थांबत नाही. हा लेप कार्बोरेटर साफ करण्याच्या फवाऱ्याने किंवा रात्रभर द्रवात भिजवून काढावा आणि मग हवेच्या झोताने भोके मोकळी करावीत. तार किंवा सुई घालून जेट साफ करण्याची सवय मात्र सोडावी, कारण जेटचे भोक हे माप आहे आणि ते खरवडले की त्याचे मापपण जाते. पिनेवर झिजून खाच पडली असेल, तरंडे वाटीच्या भिंतीला घासल्याची चकाकी दिसत असेल, अथवा जिभेवर सुईच्या टोकाने खळगा पाडला असेल, तर त्या-त्या जागी अडथळ्याचे कारण डोळ्यांनीच पाहायला मिळते.

सुईच्या टोकाकडे उजेडात भिंग लावून पाहावे. बैठकीवर वर्षानुवर्षे आपटून तिच्या शंकूवर एक वलय उमटते. नखाला ते लागले तर सुई बाद समजावी. सुई आणि बैठक ही जोडीनेच बदलावीत, कारण ती एकमेकांच्या अंगावर बसलेली असतात, आणि जुन्या बैठकीवर नवी सुई पॉलिशाच्या लेपाने घासून बसवण्याचा उद्योग करू नये. बैठकीखालची चकतीही जुन्याच जाडीची घ्यावी. जाडी बदलली तर सगळी पातळी बदलते.

अलीकडच्या काळात या जुन्या रोगाला एक नवे कारण मिळाले आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही महाराष्ट्रातल्याच साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून येते. ऊसवाल्याच्या दृष्टीने ते कल्याणकारी आहे यात मला शंका नाही. परंतु १९४० सालच्या यंत्राची घडण या द्रवासाठी झालेली नव्हती. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि कोकणातल्या आषाढ-श्रावणात हवा म्हणजे निम्मे पाणीच असते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की मद्यार्क आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसते. त्याने जुने रबर फुगते, बुचाचे पॅकिंग ढिले पडते, जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव भागांवर पांढुरकी भुकटी धरते आणि ती भुकटी सुईखाली येऊन बसते. शिवाय जुन्या टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ इथेनॉल सोडवून पुढे पाठवते, त्यामुळे आजवर कधी न गळलेली जीप अचानक गळू लागते आणि मालक कार्बोरेटरला दोष देत बसतो. रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि पॅकिंग या द्रवाला टिकणाऱ्या जातीचे घालणे हा त्यावरचा खरा इलाज आहे.

सगळीच गळती तरंड्याची नसते. कार्बोरेटर प्रथम फडक्याने पूर्ण कोरडा करावा, गाडी सुरू करावी, आणि ओलावा पहिल्यांदा कोठे दिसतो ते बॅटरीच्या उजेडात शांतपणे पाहत राहावे. थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन टोकांपाशी किंवा वाटीच्या वरच्या श्वासनळीतून पेट्रोल आले तर पातळी चढली आहे आणि संशय तरंड्यावर व सुईवर घ्यावा. वाटीच्या झाकणाच्या सांध्यातून आले तर पॅकिंग गेले आहे किंवा स्क्रू अति आवळून झाकण वाकले आहे. अशा वेळी आणखी आवळल्याने ते आणखी वाकते. नळीच्या जोडापाशी आले तर जोड सोडून त्याचे तोंड तपासावे. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून ठिबकत असेल तर पडदा फाटला आहे, आणि हीच बाब सर्वांत फसवी आहे, कारण फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल इंजिनाच्या तेलातही उतरते आणि नेमके तेच अति भरलेल्या वाटीमुळेही घडते. ऑइलची पट्टी काढल्यावर पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली व तिला पेट्रोलचा वास आला, तर दोन्ही ठिकाणे तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये. आणि ते तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

रानवाटांवर चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे न्यायाचे आहे. वाटीची लांबी पाच सेंटिमीटर धरली आणि जीप तीस अंशांच्या चढावर उभी राहिली, तर वाटीतल्या पेट्रोलच्या पृष्ठभागाची दोन टोके वाटीच्या तळाच्या मानाने जवळजवळ तीन सेंटिमीटरांनी वरखाली होतात. तरंडे मधोमध राहून हे कितीही सांभाळू पाहो, ओढ्याच्या दरडीवर तिरपी अडकलेली जीप थोडे पेट्रोल सांडणारच. दगडगोट्यांवरून उसळताना तरंडे हिंदकळून सुई क्षणोक्षणी उघडते, हेही खरे. तेव्हा सपाटीवर कोरडी राहणारी आणि केवळ अशा चढावरच ओली होणारी गाडी बिघडलेली समजून तिचे तरंडे वाकवत बसणे, हा निरपराध्याला शिक्षा देण्याचा प्रकार होय.

पातळी लावण्याचे काम मात्र निवांत बसून करण्याचे आहे. कार्टर डब्ल्यूओमध्ये तरंडे झाकणालाच टांगलेले असते. झाकण उपडे करावे, पॅकिंग काढावे, तरंडे स्वतःच्या भाराने सुईवर विसावू द्यावे, आणि झाकणाचा पृष्ठभाग व तरंडे यांमधले अंतर मोजावे. ते तीन अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर भरले पाहिजे. कमी-जास्त असेल तर तरंडे उचलून धरून केवळ जीभ वाकवावी. तरंड्यावर बोट दाबून वाकवू नये, कारण तो सगळा जोर सुईच्या नाजूक टोकावर येतो. वाकवणे केसाएवढे, मोजणे पुन्हापुन्हा. मिस्त्रीने माझ्यादेखत सात वेळा मोजले होते, आणि त्याच्याकडे मोजण्यासाठी कोणतेही उपकरण नव्हते. त्या जाडीचा एक ड्रिल बिट होता, तोच तो मधे सरकवून पाहत होता.

यानंतर टाकीकडे वळावे, आणि इथे बहुतेकांचा उत्साह संपतो. विलिस जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. ती रिकामी करून तळाशी हात घातला तर गंजाची लाल पूड, झाडाचा पाचोळा, टोपणावाटे शिरलेली लाल माती आणि पाण्याचे गोळे निघतात. हे सर्व तिथेच ठेवून कार्बोरेटर चकचकीत करणे व्यर्थ आहे. आठ दिवसांत त्यातला एक कण पुन्हा सुईखाली येतो. टाकी धुवावी, वाटेतली गाळणी बदलावी, कॅनमधून पेट्रोल भरायचे झाल्यास गाळून भरावे. आणि पुढल्या ज्येष्ठात गाडी खोपीत लावताना पंपाकडची नळी सोडून, तिचे तोंड घट्ट बंद करून, वाटीतले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे, म्हणजे वाटी कोरडी राहते आणि लेप धरायला त्यात काही उरत नाही.

सर्व भाग परत जोडल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवून थांबवावे आणि अर्धा तास तसेच राहू द्यावे, कारण बंद इंजिनाची धग वर चढते, नळीत अडकलेले पेट्रोल प्रसरण पावते आणि नव्या सुईची खरी कसोटी त्या अर्ध्या तासात लागते. मग कोरडे बोट थ्रॉटलच्या दांड्याच्या टोकांवरून, झाकणाच्या सांध्यावरून आणि पंपाच्या पोटाखालून फिरवावे, ऑइलची पट्टी पुन्हा पाहावी. बोट कोरडे आले आणि पट्टीवरची पातळी आपल्या खुणेवर असली, म्हणजे खुशाल हार घालावा.